आधी जेवून घ्या

पुण्याच्या त्या माणसाचं नाव मी घेणार न्हाई. घेतलं की तोंडात शिव्या येतात, आणि माझं पडलं कापडाचं दुकान, समोर बायाबापड्या साड्या बघत बसलेल्या असतात. जुन्या जालन्यात वडलांनी घालून दिलेलं दुकान हाय. गादीवर बसून मी त्या माणसाचा लेख मोबाइलवर वाचून राह्यलो. चाळीसदा तरी वाचला असंल, आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते. तव्हा एकदाचं सगळं सांगूनच टाकतो.

हा गडी एका वेबसाइटवर लिहितो. दर महिन्याला एक जिल्हा धरायचा, तिथलं जेवायचं, तिथं बिअर प्यायची, आणि तिथली पोरं गिटार-ड्रमवर जे जोराचं, कानठळ्या बसवणारं गाणं वाजवतात ते ऐकायचं. मंग घरी जाऊन तिन्हीवर लिहायचं. शहरातली लोकं ते वाचून म्हणणार, अरे वा, तिकडं पण असलं असतंय का. जणू आम्ही चंद्रावर राहून राह्यलो. तरी त्याला बोलावलं मीच. हे आधीच कबूल करतो. अकरा मेल टाकले, तव्हा कुठं एकाचं उत्तर आलं.

आणि बोलावलं ते इमरानसाठी.

इमरान इथंच जालन्यात, मस्तगडला मोटारी बांधतो. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडं येतात, तो आतली जुनी तार काढतो आणि नवी गुंडाळतो. त्याच हातानं गिटार वाजवतो. शाळेपासूनचा माझा दोस्त. लग्नातल्या बँडवाल्यानं फेकून दिलेला एक ॲम्प्लिफायर त्यानं उचलून आणला, महिनाभर त्याच्याशी झटला, आणि आता त्यातून गिटारचा असा आवाज निघतो की पोटातलं पाणी हलतं. त्याच्या नादानं मी बेस गिटार शिकलो. मला फार येत न्हाई, मला ठाऊक हाय. इमरानला मात्र येतं. हे मी दोस्त म्हणून न्हाई सांगून राह्यलो. मी कापड विकतो, हाताला लागलं की मला माल कळतो.

तिसरा भारत, तो ड्रम वाजवतो. त्याची शेती शहागडला, आणि हायवेला लागून त्यांचं कापसाचं गोदाम. जालन्यात गल्लीत वाजवलं की लोकं दार ठोकायला येतात. शहागडला ट्रकच एवढे जातात की आमचा आवाज कुणाच्या कानावर पडत न्हाई. म्हणून नऊ वर्षं दर रविवारी मी आणि इमरान मोटरसायकलवर अंबडावरून शहागडला जायचो आणि त्या गोदामात तिघं एकमेकांकडं तोंड करून वाजवायचो. समोर ऐकायला कुणी कधी नव्हतंच, तव्हा तोंड कुणीकडं करायचं हा सवालच आला न्हाई. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

यंदा फेब्रुवारीत इमरानच्या मामूनं, चांदपाशानं, त्याच्यासाठी सौदीत, दम्मामला काम पाह्यलं. एसीच्या मोटारी बांधायचं. इमराननं मला त्याच्या दुकानात बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं.

"राधे, मी छत्तीस वर्षांचा झालो. नऊ वर्षं आपण गोदामात वाजवून राह्यलो. तू म्हणतो चांगलं हाय, भारत म्हणतो चांगलं हाय. तुम्ही म्हणणारच. एकदा जाणत्या माणसानं ऐकू दे. तो म्हणला यात काही हाय, तर मी मामूला न्हाई म्हणतो. तो म्हणला न्हाई, तर गपगुमान जातो."

"आणि कुणी जाणता मिळालाच न्हाई तर?"

"ते तू बघ. तुझ्याकडं एप्रिलपर्यंत वेळ हाय."

इमरान एकदा बोलला की बोलला. त्याच्या अम्मीनं, सरदारबीखालांनी, मला वेगळं बोलावून सांगितलं, बेटा, तो गेला तर घर सुनं होईल, तुझ्यानं होतं ते कर. म्हणून मी ते अकरा मेल टाकले.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी तो आला. एकटाच, गाडी चालवत. काळा टी-शर्ट, दाढी, काळ्या काड्यांचा चष्मा. पहाटे पुण्याहून निघाला होता, बाराच्या सुमाराला शहागडला पोचला. माणूस वाईट नव्हता, इथंच तर माझा राग मला जड जातो. उतरल्या उतरल्या म्हणाला, "आधी तुमचं ऐकतो. नंतर निवांत जेवू."

हे शब्द त्याचे. मी माझ्या कानानं ऐकले. त्या वेळी त्याला हाताला धरून गोदामात नेलं असतं तर आज हे काहीच सांगायची पाळी आली नसती.

पण दारात भारतच्या आई उभ्या होत्या. दैवशालाकाकू. त्यांनी पहाटेपासून पुरण घातलं होतं. पुरणाच्या पोळ्या, वर तुपाची धार, आणि येसराची आमटी. आमच्याकडं लग्न निघालं की गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मसाला भाजून दळतात, ते येसर. पाहुणा मोठा असला की त्याची आमटी होते. त्यांनी हा पाहुणा मोठा धरला होता.

"उपाशीपोटी कसलं गाणं ऐकता भाऊ," काकू म्हणाल्या. "आधी जेवून घ्या."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हो हो, आधी जेवून घ्या." इमरानही म्हणाला. भारतनं तर हातावर पाणीच घातलं. आमच्याकडं घरी आलेल्या माणसाला उपाशी ठेवून आपलं काम पुढं करणं म्हणजे शोभा. असली अक्कल आम्हाला जन्मापासून पाजलेली.

तो जेवायला बसला. काकूंचा आग्रह ज्यांनी पाह्यला न्हाई त्यांना सांगून कळणार न्हाई. ताटावर हात आडवा धरला की त्या हाताच्या बाजूनं पोळी सारतात. दोन झाल्या, तीन झाल्या. चौथीला तो "नको" म्हणाला तर काकूंचं तोंड उतरलं, म्हणून मीच म्हणालो, "घ्या साहेब, एवढी एक." आमटी तो वाटीनं प्यायला. पाच वाट्या. दर वाटीला डोळे मिटून विचारायचा, यात काय घातलंय, आणि काकू लाजायच्या. जेवणाची जाण त्याला होती, हे मान्य करतो.

मंग त्याला बिअर आठवली. "इथली लोकल बिअर कुठली?" असं विचारलं. आता शहागडला लोकल बिअर कुठली असणार, सगळीकडं मिळते तीच इथं मिळते. भारत सकाळीच हायवेवरच्या दुकानातून चार बाटल्या आणून गोदामात ठेवून आल्ता, कारण काकूंना घरात बाटली चालत न्हाई, आणि गार करायला ठेवायचं तो साफ विसरला. पुरणपोळीवर कोमट बिअर. इमरान पीत न्हाई, त्यानं ताक घेतलं. पाहुण्यानं मात्र स्टीलच्या गिलासातून तीन बाटल्या संपवल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आता दुसरी चूक. गोदामात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. पण पुण्याहून आलेल्या माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीवर कसं बसवायचं, म्हणून भारतनं घरातून बाज आणली. बाजेवर गोधडी टाकली, लोड ठेवला. बाहेर एप्रिलचं ऊन, आत कूलर, पोटात चार पोळ्या आणि तीन बाटल्या, आणि खाली बाज. एवढ्या तयारीनं आम्ही त्याला बसवलं आणि म्हणालो, ऐका.

तिसरी चूक आम्हाला चूक वाटलीच न्हाई. आम्ही नेहमीसारखे उभे राह्यलो. भारत भिंतीशी ड्रमवर, इमरान त्याच्याकडं तोंड करून, मी बाजूला. म्हणजे इमरानची पाठ पाहुण्याकडं. नऊ वर्षं असंच वाजवलं होतं, हात तसेच बसलेले. इमरान वाजवताना भारतच्या हाताकडं बघतो, दुसरीकडं बघत न्हाई.

पहिलं गाणं बराबर गेलं. पाहुण्यानं मान हलवली, वहीत टिपलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मी तिकडं पाह्यलं तर वही छातीवर पडलेली, चष्मा नाकावर घसरलेला आणि तोंड उघडं. मला वाटलं डोळे मिटून ऐकत असंल, जाणते लोक ऐकतात तसं. मंग त्याचा पाय बाजेवरून खाली लोंबला आणि तसाच राह्यला. भारतनं पाह्यलं, मी पाह्यलं. भारतनं मला डोळ्यानं विचारलं, काय करायचं. मी मान हलवली, वाजव. भारतनं ड्रमवर असे घाव घातले की वरच्या पत्र्यावरून कबुतरं उडाली. पाहुणा हललासुद्धा न्हाई.

तेवढ्यात दैवशालाकाकू ताकाचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी पाहुण्याकडं पाह्यलं, पदर तोंडाला लावला, तांब्या खाली ठेवला. लोडच सारून त्याच्या मानेखाली नीट उशीसारखा दिला. कूलर त्याच्याकडं वळवला. मंग माझ्याकडं बघून हातानं खूण केली, हळू, हळू वाजवा. जेवून झोपलेल्या माणसाला उठवायचं नसतं, हे त्यांच्या घरातलं शास्त्र. आणि मी, मी काय केलं सांगू? मी माझ्या बेसचा आवाज कमी केला.

इमरानला यातलं काहीच दिसलं न्हाई. चौथं गाणं त्याचं होतं. त्यात मध्ये मी आणि भारत नुसते ताल धरून असतो आणि तो एकटा वाजवतो, चार-पाच मिनिटं. त्या दिवशी त्यानं जे वाजवलं ते नऊ वर्षांत वाजवलं नव्हतं. आधी आवाज अगदी खाली आणला, मोटार बंद पडताना गुरगुरते तसा, आणि तिथून असा वर नेला की माझ्या अंगावर काटा आला. मला रडू फुटायचं बाकी होतं. आणि समोर बाजेवर तो माणूस घोरून राह्यला होता.

गाणं संपलं. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेनं तो जागा झाला. दचकून उठून बसला आणि जोरात टाळ्या वाजवायला लागला. "कमाल. कमाल केलीत." इमरान वळला तो नेमका तेव्हा. त्याला काय दिसलं, तर पाहुणा बाजेवर सरळ बसलाय, टाळ्या वाजवून राह्यलाय आणि त्याचे डोळे लाल झालेत.

"तुमच्याबद्दल नक्की लिहितो," असं इमरानचा हात धरून म्हणाला आणि काकूंनी बांधून दिलेलं येसर घेऊन गेला.

परत येताना अंबडला आम्ही चहाला थांबलो. इमरान एरवी कमी बोलतो. त्या दिवशी त्याचं तोंड थांबत नव्हतं.

"राधे, डोळे पाह्यले का त्याचे? लाल झाल्ते."

मी चहा ढवळून राह्यलो.

"मी मामूला कळवतो, थोडं थांबा म्हणून. त्याचं काय येतं ते बघू."

सांगायची वेळ तीच होती. पण कोणत्या तोंडानं सांगू, की तू जीव काढून वाजवत होता आणि आम्ही त्या माणसाला उशी देत होतो? वाटलं, लिहील काहीतरी बरं. टाळ्या वाजवल्यात, एवढं खाल्लंय, दोन ओळी चांगल्या लिहायला त्याचं काय जातं? मी म्हणालो, "हो, लाल झाल्ते."

तीन आठवड्यांनी लेख आला. निम्म्याच्या वर काकूंच्या आमटीवर. लिहिलं होतं, या येसरातला गहू इतरांपेक्षा किंचित जास्त भाजलेला असतो, त्यामुळे तिखटाच्या मागून एक कडूसर गोडी येते, आणि ती घोट गेल्यावर कळते. बिअरवर लिहिलं, हायवेच्या काठची बिअर गार नसते, प्रामाणिक असते. आता बिअर कुठं प्रामाणिक असते का? भारत फ्रिजमध्ये ठेवायला विसरला, त्याचं यानं तत्त्वज्ञान केलं. बरं, ते जाऊ द्या. शेवटी गाणं. पाच-पन्नास ओळी आमटीला आणि आम्हाला दोन.

"तिघांमध्ये जोश भरपूर आहे, पण कान अजून घडायचा आहे. विशेषतः गिटार ऐकताना सतत वाटत राहतं की हे आधी कुठेतरी ऐकलंय."

विशेषतः गिटार. सतत. अरे, तू ऐकलंस कधी? दीड गाणं ऐकलंस तू. झोपेत तुला काय सतत वाटत होतं? डुलकी लागली तर लागली, माणूस हाय, जेवण जड होतं, आम्हीच घातलं. मंग लिहायचं की झोपलो. न्हाई तर गाण्याचं लिहायचंच न्हाई, आमटीवर भागवायचं. न ऐकलेल्या गाण्याला नापास करायचा हक्क तुला कुणी दिला? पुण्यात बसून एक ओळ खरडायची, आणि इकडं एका माणसाचा जन्म त्या ओळीवर टांगलेला, ह्याची त्याला खबरसुद्धा न्हाई.

मी मस्तगडला धावत गेलो. इमरान दुकानात स्टुलावर बसला होता, मोबाइल मांडीवर. त्यानं वाचलं होतं.

"इमरान, हा माणूस..." मी सुरुवात केली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "त्यानं समोर बसून ऐकलं आणि जे वाटलं ते लिहिलं. मी विचारलं होतं, त्यानं सांगितलं."

आता सांगायचं म्हणजे अंबडचा चहासुद्धा सांगावा लागला असता, मला ठाऊक होतं आणि मी तीन आठवडे गप्प होतो हे सांगावं लागलं असतं. भारतला फोन केला तर तो म्हणाला, "मंग तूच सांग, तू थोरला हायेस." मी म्हणालो, सांगतो. उद्या सांगतो, परवा सांगतो करत राह्यलो. दम्मामला जायच्या आदल्या दिवशी इमराननं गिटार माझ्या दुकानात आणून ठेवली, तारा ढिल्या करून, जुन्या चादरीत गुंडाळून. सरदारबीखाला माझ्याकडं नुसत्या बघत राह्यल्या.

काल शुक्रवार. शुक्रवारी त्याला सुट्टी असते. दुपारी दुकानात होतो तव्हा त्याचा फोन आला. बरा होता. गरमी सांगितली, मामूची बडबड सांगितली, आणि मंग म्हणाला, "राधे, तो लेख पुन्हा वाचून राह्यलो होतो."

"कशाला वाचतो ते फालतू."

"आमटीचं वाचायला. इकडं खोलीत वास आल्यासारखा वाटतो. गहू जास्त भाजलेला असतो, हे आपल्याला नऊ वर्षं खाऊन कळलं न्हाई. मी परवा काकूंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, बिलकुल बराबर हाय, आमच्या सासूबाईंपासून तसंच भाजतात."

मी गादीवर पसरलेली साडी घडी घालायला घेतली.

"त्याला ते एका जेवणात कळलं," इमरान म्हणाला. "ज्याची जीभ एवढी खरी, त्याचा कान खोटा कसा असंल? आधी मला लई वाईट वाटलं होतं. आता मनाला समजावलं. बराबरच लिहिलं त्यानं."

माझ्यानं राहवलं न्हाई.

"इमरान, तो झोपला होता."

"कोण?"

"तोच. दुसऱ्या गाण्यापासून. तुझी पाठ होती त्याच्याकडं, तुला दिसलं न्हाई. काकूंनी त्याला उशी दिली."

"उशी?" तो म्हणाला, आणि हसायला लागला. मलाही हसू आलं. वाटलं, सुटलो. मंग त्याचं हसू थांबलं.

"चौथं गाणं?"

"घोरून राह्यला होता."

"भारतला माहीत होतं?"

"हो."

"अंबडला चहा प्यालो तव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"लेख आला, तू दुकानात आल्ता, तव्हा?"

"हो."

"तिकीट मी त्याच्यानंतर चार दिवसांनी काढलं, राधे."

मंग माझी गाडी सुटली. त्या माणसाला मी असा धुतो, असा धुतो, लेखाखाली सगळं लिहितो, पुण्याला जाऊन त्याच्या दारात उभा राहतो, असा कसा झोपतो हलकट, लाज कशी वाटत न्हाई, असं काय काय बोललो. समोरच्या बाया साड्या सोडून माझ्याकडं बघायला लागल्या. इमराननं सगळं ऐकून घेतलं.

"त्याला कशाला शिव्या देतो," तो म्हणाला. आवाज चढवला न्हाई त्यानं. "तो झोपला होता. तू तर जागा होतास ना?"

फोन त्यानं ठेवला की लाइन गेली, मला कळलं न्हाई. समोरची बाई म्हणाली, भाऊ, त्या हिरवीचा पदर उघडून दाखवा. मी उघडून दाखवला.